जामीनदाराची फुंकर

(मळमड्डीतली सकाळ. दारात माल भरलेला टेम्पो. आत आई दुर्गव्वा, शेजारी स्टिअरिंगवर मुलगा प्रेमानंद, हातात गाडीला बसवलेल्या यंत्राची फुंकायची नळी.)

प्रेमानंद : फुंक ना, अव्वा. हुबळीला तांदूळ पोचवायचाय.

दुर्गव्वा : आज नाही फुंकणार.

प्रेमानंद : दम लागला काय? पाणी पी थोडं.

दुर्गव्वा : काल हणमंत आला होता, यंत्र तपासायला. महिन्याचं भाडं त्याच्या हातात ठेवलं नि सहज विचारलं, जामीनदाराची फुंकर अजून किती दिवस लागणार रे?

प्रेमानंद : त्याला कशाला विचारायचं!

दुर्गव्वा : हसला तो. म्हणाला, "अक्का, यंत्र ड्रायव्हरसाठी हाय. श्वासात दारू सापडली की गाडी चालू होत नाही. जामीनदाराचं काय काम?"

प्रेमानंद : त्याला काय कळतंय...

दुर्गव्वा : त्यानंच बसवलंय ते. तू पिऊन गाडी धडकवलीस, कोर्टात शिक्षा झाली, तेव्हा मालकाच्या पायरीवर मी बसले. यंत्र बसवा, भाडं आम्ही भरतो, पण पोराला काढू नका म्हणाले. अजून खानावळीत भाकऱ्या थापून भरतेय. वर तू सांगितलंस, जामीन राहिलेल्यानंच फुंकायचं असतं. मला खरं वाटलं. कर्जाला अंगठा देतात, तसंच असेल म्हटलं.

प्रेमानंद : चुकलं, अव्वा. आजच्या दिवस फुंक.

दुर्गव्वा : वाटेत यंत्र पुन्हा फुंकर मागतं, म्हणून मला बरोबर नेत होतास.

प्रेमानंद : तुला आवडत होतं की! उणकलचं तळं दाखवलं, मिरची-भजी खाऊ घातली...

दुर्गव्वा : तेच तर. गल्लीभर सांगत सुटले मी, माझा पोरगा मला शेजारी बसवून हिंडवतोय म्हणून. ठेवणीतलं लुगडं नेसून बसत होते रे.

प्रेमानंद : मालकाचा फोन येतोय बघ. गाडी हलली नाही तर काम जाईल माझं.

दुर्गव्वा : मग तू फुंक.

प्रेमानंद : अव्वा...

दुर्गव्वा : फुंक की. नळी तुझ्याच हातात आहे.

प्रेमानंद : आज नको. उद्यापासून.

दुर्गव्वा : सकाळी सकाळी?

प्रेमानंद : थोडीच घेतली. हात थरथरतात नाहीतर.

दुर्गव्वा : म्हणजे रोज मी शेजारी बसून गप्पा मारत होते, नि तू पिऊन चालवत होतास.

प्रेमानंद : कुठं चाललीस? अव्वा, ऐक तरी!

दुर्गव्वा : उतरतेय. पिशवी राहू दे तिथंच. दोघांची भाकरी बांधलीय, तू खा.