पक्ष्यांपर्यंतचं राज्य

धक्क्यावर बेटाकडे जाणाऱ्या जहाजाची वाट बघत नेमेसिया बसली होती. मांडीवर इथेच इस्पितळात जन्मलेली तान्ही लेक. मागच्या बाकावर म्हातारा नावाडी इसाउरो आणि त्याची भाची रोसानिया. ही भाची बेटाची राज्यघटना लिहिणाऱ्यांतली एक.

"मामा, राज्याची हद्द कुठवर लिहू?"

"आपल्या बेटावर घरटी असलेले घरचे पक्षी सकाळी मासे धरायला जिथवर जातात, तिथवर."

"कोर्टात हसतील."

"हसू दे. भरकटलेली होडी संध्याकाळी त्यांच्याच मागे घरी येते. तुझ्या सरकारच्या मागे कोण आलंय?"

"बरं, नागरिक कोण? बेटावर जन्मलेला म्हणावं, तर हल्ली सगळी बाळंतपणं बेट सोडून इथल्याच इस्पितळात होतात."

"मग लिही, बेट दिसायच्या आधी ज्याला घरचा पक्षी ओळखता येतो, तो."

"म्हणजे मीसुद्धा नाही. मी तर जहाजात झोपूनच जाते."

"जागी राहा की मग."

नेमेसियाने झोपलेल्या लेकीकडे पाहिलं.

जहाज बेटाजवळ आलं त्या पहाटे तिने लेकीच्या तळपायाला गुदगुल्या करून तिला उठवलं आणि वर डेकवर आणलं. कठड्याशी रोसानिया आधीच आभाळ न्याहाळत उभी होती.

खाली इसाउरो मामा घोरत होता.