घरट्यावरची वीस मिनिटं

सुमनताई गायधने, हे नाव आधी लिहा. आमच्या गावात त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. माझे वडील बाजार समितीत हमाल, घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, आणि ताईंनी माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतः भरला, ॲडमिशनला माझ्यासोबत अमरावतीला आल्या, एसटीत मला खिडकी दिली. आज मी अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअर लिहितो ते त्यांच्यामुळं. बाकी सगळं यानंतर.

तर काय सांगू तुम्हाला, माझं काम पोपटांचं. हसू नका. काकापो म्हणून न्यूझीलंडचा पोपट आहे, जाडजूड, हिरवा, उडता येत नाही, जगात थोडेच उरलेत, तेही तिकडच्या बेटांवर, म्हणून एकेका अंड्याच्या पाळतीला घरट्याजवळ तंबूत माणूस बसवतात. मादी रात्री खायला घरट्यातून उठली की अंडं गार पडतं, मग तंबूतल्या माणसाला अलार्म जातो आणि तो धावत जाऊन अंड्यावर उबेचं पांघरूण ठेवतो. तो अलार्म आमच्या सर्व्हरवरून जातो, इथून. कंपनी लहान, वीस-पंचवीस जणांची, अलार्म मी लिहिलेला. माझी मुलगी शाळेत सांगते, माय डॅड बेबीसिट्स पॅरट्स.

आता ऐका, मला आजही राग येतो. आमचे सर्व्हर रोज रात्री दोनला वीस मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करतात, का तर रात्री कोण काम करतं. पण बापहो, इथले दोन म्हणजे तिथले रात्रीचे अकरा, मादी उठायची ऐन वेळ! सगळे इंजिनिअर, डिग्र्यांचे भारे, आणि तिकडची रात्र वेगळी असते हे एकाच्याही ध्यानात नाही, माझ्याही नाही. मादीनं अंडं घातल्यावर सर्व्हरच्या नोंदी बघताना मला दिसलं. मी मॅनेजरकडं गेलो, निनाद, पुण्याचा, म्हटलं ही वेळ बदलू या. तो म्हणाला, अरे यार, पुढच्या आठवड्यात डेमो आहे, आता कशाला हात लावतोस, डेमो झाला की बघू. मी म्हटलं, अंडं डेमोसाठी थांबत नाही. तर म्हणतो, गावाकडं कोंबड्या पाळायचास का रे तू? सगळे हसले. मीही हसलो, त्याचीच चीड येते.

चौथ्या रात्री अंडं गेलं. तंबूतल्या हेलनबाईंचा फोन आला, साठीच्या बाई, तीन आठवडे चिखलात राहिलेल्या, रडत नव्हत्या, नुसतं विचारत होत्या, मला झोप लागली होती का रे, मला अलार्म ऐकू आला नाही. मी म्हटलं, काकू, अलार्म वाजलाच नाही. काकू म्हणजे काय ते त्यांना काय कळणार, पण तोंडातून तेच आलं.

मग रिपोर्ट आला. कारण काय लिहिलं होतं, तर जागेवरचं यंत्र नीट हाताळलं गेलं नाही. म्हणजे हेलनबाईंनी! खाली माझी सही हवी. निनाद म्हणाला, सही कर, तुझं ग्रीन कार्ड लाइनीत आहे, त्या बाईचं काय जातंय, व्हॉलंटिअर तर आहे. काय जातंय म्हणे! मी ते वाक्य खोडलं, खरं कारण लिहिलं, दोन्हीकडची वेळ लिहिली, आणि सगळ्यांना पाठवलं, त्या बेटावरसुद्धा. त्याच दिवशी सर्व्हरची वेळ बदलली. पुढच्या सोमवारी मला काढलं. व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी नोकरी बघायची, नाहीतर परत. बायको म्हणते बरं केलंस, आणि हळूच बॅगा झटकून ठेवते.

लोक म्हणतात हिंमत केलीस. ताईंना मी जे पत्र पाठवलं ते इथं तसंच घ्या, म्हणजे हिंमतीचं नाव कुणी काढणार नाही.

ताई, सा. न. नोकरी गेली, तब्येत ठीक आहे. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. सर्व्हरची ती वेळ बदलायचा अधिकार माझ्याकडे होता. एक ओळ बदलायची होती, कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं, कारण ते नाही म्हणतील आणि मग दोष त्यांचा राहील, हे मला ठाऊक होतं. त्या चार रात्री मी घरी गाढ झोपलो. तुम्ही मला रागवा. इथं रागवायला कुणी मोठं माणूस नाही.

तुमचा गजानन