उशिराचं आमेन

आदरणीय सभापती, म्हणजे आपल्या वडील मंडळाचे अध्यक्ष. व्यासपीठावर बसलेले पाहुणे पाळक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे पाळक, आमचे साहेब. साहेबांच्या धाकट्या भगिनी. समोर बसलेले आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले माझे बंधुभगिनी, आपणा सर्वांना या म्हाताऱ्या शिंप्याचा नमस्कार. कोणाचा मान राहून गेला असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर मला रात्री झोप लागणार नाही.

माइक चालू आहे ना? मघापासून त्यात काहीतरी खरखरतंय. माझ्या छातीत नसावं म्हणजे मिळवली. घरून निघताना सूनबाई म्हणाली, "बाबा, आटोपतं घ्या, आणि रडू नका." पहिलं जमेल असं वाटतं. माझं शिक्षण बेताचं आहे. मोठे शब्द मला शिवता येत नाहीत, उसवतात. तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगतो.

साहेबांचा पांढरा झगा मी शिवतो, म्हणून त्यांच्या घरी माझं येणंजाणं. त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तो बाईंच्या ब्लाउजचं माप चुकलं म्हणून. बाई म्हणजे साहेबांच्या पत्नी. रविवारच्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सगळ्यांच्याच बाई. दारातच म्हणाल्या, "शिंपीदादा, माप माझं घेतलं होतं की शेजारणीचं? हा घालून मला श्वास घेता येतो, पण सोडता येत नाही." मी इतका घाबरलो की टेप तिथेच विसरून आलो. तर बाईंची जीभ ही अशी होती. लहान मुलं त्या जिभेला भ्यायची आणि रविवारी सगळ्यांत आधी येऊन त्यांच्याच पायाशी बसायची.

त्या बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं, एक शब्द राहिला. आमेन.

तहान लागली की आमेन. पाणी नको असलं तरी आमेन. चहात साखर कमी पडली तरी आमेन, जास्त पडली तरी आमेन. पण साहेबांना त्यातला फरक कळायचा. मी झग्याचं माप घेत असताना आतून आमेन ऐकू आलं की साहेब म्हणायचे, "ही उशी सरकल्याची", आणि टेप गळ्यात तसाच ठेवून आत जायचे. जायचे तर खरोखर उशी सरकलेली असायची.

रविवारी साहेब त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणायचे आणि पहिल्या बाकाच्या कडेला बसवायचे. प्रार्थना संपली की आपण सगळे आमेन म्हणायचो. बाईंना ते ऐकू यायचं, मग त्या तोंडातल्या तोंडात शब्द जुळवायला लागायच्या. साहेब डोळे मिटून उभे राहायचे. शेवटी पहिल्या बाकावरून बाईंचं आमेन यायचं, जड, अर्धं सांडलेलं. मग साहेब डोळे उघडायचे आणि पुढचं गीत सुरू व्हायचं. असं बारा वर्षं चाललं.

आता माणसं म्हटली की कुरकुर आलीच. एकदा वडील मंडळातली काही मंडळी साहेबांच्या घरी आली. मी बाही उसवत कोपऱ्यात बसलो होतो. उजवी बाही मला सारखी बदलावी लागायची, कारण साहेब बाईंना भरवून तसेच उपासनेला यायचे आणि सुपाचे डाग धुऊन धुऊन कापड विरायचं. आपले खजिनदार खोकून म्हणाले, "साहेब, नवीन लोक येतात. मध्येच सगळं शांत होतं. त्यांना वाटतं माइक बंद पडला."

"माइक चांगला आहे," साहेब म्हणाले. "प्रार्थना संपलेली नसते."

"आम्ही सगळे आमेन म्हणतो की."

"सगळे कुठे? एकजण मागे असतो. घरात एकाचा घास व्हायचा असला तर तुम्ही ताटं उचलता का?"

खजिनदार म्हणाले, "आमच्या घरी उचलतात." आणि आधी ते स्वतःच हसले, मग बाकीचे. विषय तिथेच मिटला. खजिनदार, हसू नका, तुम्हाला आठवतंय ते मला दिसतंय.

दुसरी गोष्ट साहेबांच्या भगिनींनी मला सांगितली आणि आज सांगायची परवानगीही दिली. त्या एकदा भावाला म्हणाल्या होत्या, "दादा, वहिनीला एखाद्या चांगल्या आश्रमात ठेव. तू वाळत चाललास. आणि तिला आता काय कळतंय?" त्यावर साहेब म्हणाले, "तिला किती कळतं ते मला ठाऊक नाही. पण वचन दिलं तेव्हा मला कळत होतं."

मागच्या वर्षी बाई गेल्या.

त्या दिवशी कबरीपाशी प्रार्थना करायला हेच पाहुणे पाळक आले होते. त्यांनी प्रार्थना केली. आपण सगळे आमेन म्हणालो. आणि मग काय झालं, आठवतं? कोणीच हललं नाही. सवय, दुसरं काय. माना खाली घालून आपण सगळे उभे, बाईंचं आमेन यायचं राहिलं म्हणून. पाहुण्यांना कळेना, आपलं काही चुकलं का. ते पुस्तकाची पानं चाळू लागले. माती लोटणारी माणसं फावडी धरून थांबली. शेवटी साहेबच हळू म्हणाले, "भरा." तेव्हा आपल्या लक्षात आलं की आपण कोणाची वाट पाहत होतो.

त्यानंतरच्या रविवारी साहेबांनी प्रार्थना केली आणि आमेन न म्हणताच खाली उतरले. पुढच्या रविवारीही तसंच. गेलं वर्षभर आमेन आपण म्हणतो, साहेब म्हणत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मी काल साहेबांना विचारलं, "बोलू का?" ते म्हणाले, "बोला. झाकून काय राहिलंय?" म्हणून बोलतो.

काही महिन्यांपूर्वी साहेब दुकानात आले, झगा घेऊन. मी सवयीने उजवी बाही पाहायला घेतली. ते म्हणाले, "बाही आता स्वच्छ राहते, दादा. कॉलरचं बघा." मी मशीन थांबवलं. मग त्यांनी आपणहूनच सांगितलं, "आमेन म्हणजे तसंच होवो. ती गेली, आणि मी तसंच होवो म्हणू? माझ्या तोंडून निघत नाही. खोटं म्हणवत नाही."

न सुचलं की मी नको ते बोलतो. मी म्हणालो, "मग साहेब, दर रविवारी येता कशाला?"

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बोलता येईना म्हणून तिने घर सोडलं होतं का?"

एवढंच. कॉलरला मी नवा कॅनव्हास घातला.

मी शास्त्र शिकलेला नाही. इथे शिकलेले बसले आहेत, चुकलं तर सुधारा. ज्याचं मन भरलेलं असतं त्याने देवाला धरून राहणं सोपं असेल. पण ज्याच्या घशात शब्द अडकलाय आणि तरी जो घंटेच्या आधी येऊन दार उघडतो, त्याला विश्वासू नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं? आणि दुसरं, जो माणूस आपल्या बायकोच्या एका शब्दासाठी एवढा थांबला, त्याचा देव त्याच्याहून उतावळा असेल का?

उद्या साहेब भगिनींच्या घरी राहायला जातील. मंडळीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आहे. ज्या माणसाने आपल्याला थांबायला शिकवलं त्याला घड्याळ द्यायची कल्पना कोणाची, ते मी विचारत नाही. घड्याळ चांगलं आहे.

सभापतींनी शेवटची प्रार्थना माझ्याकडे दिली आहे. त्याआधी आभार मानतो: सभापतींचे, पाहुण्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि चहा करून मघापासून झाकून बसलेल्या भगिनींचे. चहा गार झाला तर बोल मला लावा. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर म्हातारा म्हणून पदरात घ्या. साहेब, तुम्ही तर घ्याच.

प्रार्थना झाल्यावर आपण सगळे आमेन म्हणू. आणि मग, पूर्वी थांबायचो तसं थांबू. साहेब, कोणी तुम्हाला म्हणायला लावत नाही. आज आलं तर आज. नाही आलं तर तुमच्याबरोबर जाऊ द्या. जिथे येईल तिथे म्हणा. आमची ही प्रार्थना तोवर संपलेली नाही असं धरा.

डोळे मिटा.

प्रभू, हा आमचा माणूस तुझ्या हाती देतो. थकलेला आहे. त्याने तुला सोडलं नाही, तूही त्याला सोडू नकोस. बाई तुझ्याकडे आहेत, त्यांचं बोलणं त्यांना परत मिळालं असेल तर आम्हालाही कळव. येशूच्या नावाने मागतो.