पेटी उलटी करून दाखवा

माहं नाव शेवंता, गाव नागपूर. तिथल्या शाळेत मी आया होती, म्हंजे झाडझूड करनं, पोट्ट्याइले पानी पाजनं. इलेक्शन आलं का आमची शाळाच बूथ होऊन जाये, मास्तर-मास्तरनी ड्युटीवर, अन् मी त्याइले चहा देऊन राहिली. म्हनून मले येवढंच मालूम, का मास्तरनी म्हंजे बोटाले शाई लावनारी. थे सोताच उभी राह्यते अन् निवडून येते, हे म्या इथं व्हँकुव्हरले येऊन पाह्यलं, अन् काय सांगू तुमाले, पाह्यलं तवा मले बिलकुल भरोसा नाई वाटला.

मालक गेल्यावर पोरानं बोलावून घेतलं. हाटेलीत चादरी धुतल्या बरेच वर्सं, मंग गुडघे गेले, आता ह्या सिनियर लोकाइच्या बिल्डिंगीत राह्यते. खाली बेसमेंटमदी हॉल आहे. रविवारी सकाळी आमी पाच-सात घरचे लोकं तिथं बुद्धवंदना घेतो. पोरगा सारखा फोनवर, नातीन बोलन तं इंग्रजीत, मले मराठी आयकाले थो हॉल सोडून दुसरं ठिकान नाई बाप्पा.

आता हॉल कोनाले कवा द्याचा, हे बिल्डिंगीची कमिटी ठरवते. मांगच्या साली अध्यक्षपदाले दोघं उभे होते. एक पटेलभाई, थे म्हने, ताई, आपका संडे पक्का. दुसरी लिन मॅडम, तैवानची, तिकडं मास्तरनी होती, नव्वदीले टेकलेली, तिले रविवारीच हॉलात बाहेरून मास्तर बोलावून म्हाताऱ्याइची इंग्रजीची शिकवनी लावाची होती. म्हंजे माहा रविवार गेलाच समजा. वरतून थे संत्रे घेऊन माह्या दारात. नागपूरच्या बाईले संत्रे! म्या मनात म्हनलं, समजलं, मत घ्याले आली. चहा देल्ला, पन संत्र्याची एक फोड तोंडात टाकली नाई.

तिचं इंग्रजी अन् माहं इंग्रजी, दोनी लंगडे, म्हनून जमते. म्या विचारलं, तुमी मास्तरनी, ह्या भानगडीत काऊन पडल्या? थे म्हने, मी पोरीइच्या शाळेची हेडमास्तरनी होती, शाळेचं छप्पर गळे, अर्ज करू करू थकली, मंग मीच जिल्ह्याच्या सभेच्या इलेक्शनले उभी राह्यली, माह्यासारख्या अजून दोघीतिघी मास्तरनी होत्या. तवा तिथं सरकारच्या पार्टीचंच चाले. मतं मोजता मोजता लाइट गेली, आली तवा पेटी खोट्या चिठ्ठ्याइनं फुगलेली, अन् मॅडम पडली. पुढच्या टायमाले तिच्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरी टॉर्च घेऊन खिडक्याइपाशी उभ्या राह्यल्या, लाइट गेली का साऱ्याइनं टॉर्च पेटवले. त्या टायमाले आली निवडून. म्या सारं आयकलं, पन मनात म्हनलं, म्हातारी गोष्ट चांगली बनवते.

इलेक्शनच्या दिवशी मॅनेजर बुटाच्या खोक्याची पेटी घेऊन आला. लिन मॅडम काठी टेकत उठली, म्हने, पेटी उलटी करून दाखवा. सारे हसले. मतं पडली तं पुन्हा उठली, म्हने, एकएक चिठ्ठी उचलाची, साऱ्याइले दाखवाची अन् मोठ्यानं वाचाची. वाचनार कोन? तं माह्याकडं बोट केलं. म्हने, ही बाई कोनावरच भरोसा ठेवत नाई, माह्यावर तं मुळीच नाई, हिच्याच हाती द्या. मले असा राग आला, म्हनलं, चारचौघात मान देते का पानउतारा करते? पन उठली.

वाचत गेली. पटेल, लिन, लिन, पटेल, अन् मॅनेजर फळ्यावर रेघा मारे. आखरीले दोघं बराबर अन् एकच चिठ्ठी उरलेली, अन् तिच्यावरची फुली नेमकी दोन नावाइच्या मधातल्या रेघेवर. माहा रविवार त्या फुलीत अडकलेला. मी तशीच चिठ्ठी घेऊन मॅडमपाशी गेली, मनात म्हनलं, आता हिचं तोंड तं पाहू. तिनं चष्मा सावरला, पाह्यलं अन् खड्या आवाजात म्हने, फुली पटेलच्या घरात जास्त आहे, मत त्याइचं. म्या पुन्हा पाह्यलं. खरंच, जराशी त्याइच्याकडंच जास्त होती. म्या वाचलं, पटेल. पडली मॅडम. जाता जाता माह्यापाशी थांबली, म्हने, चांगलं वाचलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

मले बरेच दिवस चैन नाई. हरून हिले काय भेटलं? याच्यात काई तरी डाव असन, मी वाटच पाहून राहिली. डाव काई निंघाला नाई.

पटेलभाईनं रविवार देल्ला, खोटं कायले बोलू. पन परवा लिफ्टमदी म्हनते, ताई, इस साल इलेक्शन की क्या जरूरत है, सब खुश हैं ना? थे आयकलं अन् माह्या मनात आलं, हे पाहा, गेली लाइट.

मी सरळ मॅडमच्या दारावर गेली. म्हनलं, इलेक्शन मांगू अन् तुमी उभ्या राहा, माहं मत तुमाले, रविवार आपून अर्धा अर्धा करू. थे माह्याकडं पाहे, पाहे, मंग म्हने, शेवंता, तू मले मत देशीन, हे मी कशावरून मानू? मले हसूच आलं. माह्याच जातकुळीची निंघाली बाई! तिनं संत्रं सोललं, या टायमाले म्या खाल्लं. आपल्या नागपूरवानी नाई, पन गोड होतं.

शंभरी पुरी करो म्हातारी. टॉर्च म्या घेऊन ठेवला आहे. पन तिलेही सांगून आली, तुमी उभ्या असान तरी, पेटी पहिले मी उलटी करून पाहीन.