माळवदावरचं सिमेंट

(डोंगरातली जुनी लाकडी मशीद. बाहेर बर्फ पडतोय. दुपारच्या नमाजाला अजून बराच वेळ आहे.)

लेक : अब्बा, खांबाला कान लावून काय उभे आहात? गाऱ्हाणं सांगतोय का तो?

अब्बा : सांगतोय. तूही लाव कान.

लेक : लाकूड आहे. थंडीत कुरकुरणारच.

अब्बा : जन्म गेला माझा या मशिदीची राखण करण्यात. थंडीची कुरकुर मला कळते, ही तसली नाही. वर तुळईकडे बघ. ती भेग मागच्या हिवाळ्यात होती?

लेक : नव्हती. म्हणून काय, सहाशे वर्षं उभी असलेली मशीद आजच पडणार?

अब्बा : सहाशे वर्षं हिच्या डोक्यावर माती होती. सिमेंट तू घातलंस.

लेक : आलं माझ्यावर! माळवदावरचा बर्फ ढकलताना तुम्ही खाली पडलात, खुबा मोडून घेतलात. तरी दवाखान्यात बडबड एकच, माझं फावडं कुठंय. मग काय करायचं होतं मी? दारोदार फिरून सिमेंट जमवलं, ते बर्फ साठला तरी गळू नये, तुम्ही परत वर चढू नये म्हणून!

अब्बा : ठाऊक आहे गं. म्हणून तर घरी आलो तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिथंच चुकलो. त्या थराखाली पाणी मुरतंय, वर हा बर्फ. तुळईनं सोसायचं तरी किती?

लेक : गावानं केवढं कौतुक केलं माझं. आता कुठल्या तोंडानं जाऊ लोकांपुढे?

अब्बा : तोंडाचं नंतर बघू. आज शुक्रवार आहे. अख्खं गाव या छपराखाली येऊन बसेल.

लेक : नाही बसणार. मी दारात उभी राहते. अंगणात पढा म्हणते.

अब्बा : बर्फात? शिव्या घालतील.

लेक : घालू देत. का म्हणून विचारलं, तर तेही सांगेन.

अब्बा : बरं. मग ती शिडी इकडे आण.

लेक : तुम्ही पायरीला पाय लावलात तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही! मी चढते. आधी बर्फ काढते, मग पहारीनं सिमेंट फोडते.

अब्बा : भिंतीच्या कडेकडेनं फोड. मधे पाऊल टाकू नकोस. मी इथंच खांबाला हात लावून उभा राहतो. हादरला की ओरडेन, लगेच थांब.

लेक : आत? डोकं फिरलंय का तुमचं? छप्पर बसलं तर?

अब्बा : म्हणून तर जपून घाव घालशील.