ज्याले ऐकू आलं त्यानं पुढे सांगायचं

वॉकीटॉकीचं काय सांगू तुले, भाऊ! प्लांटात तवा नवेनवेच आले होते. आवाज दूर जायचा नाही, म्हणून आमच्या सायबानं हुकूम काढला, "ज्याले ऐकू आलं त्यानं पुढे सांगायचं."

एक दिवस माझ्या रेल्वे फाटकावर डंपर फसला, अन् तिकडून रुळावर वितळलेलं लोखंड घेऊन गाडी येऊन राहिली होती. मी सेटवर ओरडलो, "गाडी थांबवा!" डंपर निघाला, तसं म्हटलं, "सोडा." पण गाडी हलेच ना! लोखंड गार झालं तं भांड्यातच जमून जाते. मी पळत इंजिनापाशी गेलो.

ड्रायव्हर म्हणे, "क्या करूँ? छोड़ो बोलते हैं, फिर रोको बोलते हैं."

"कोण म्हणून राहिलं?"

तेवढ्यात माझ्याच सेटवर आलं, "गाडी थांबवा!" माझाच निरोप यार्डभर फिरून मलेच परत आला होता. अन् गडबडीत मी बी तो पुढे सांगून टाकला!

शेवटी झेंडी दाखवून गाडी काढली. सायब असा तापला, त्यानं स्वतः सेट उचलला, "आजपासून कोणीच निरोप पुढे सांगायचा नाही!"

झालं. शिफ्ट सुटेपर्यंत सेटवर तेच चालू होतं, "कोणीच निरोप पुढे सांगायचा नाही. पुढे सांगा."