जॅक बसतोय

वारा नव्हता हो त्या दिवशी. तुम्ही आत्ता म्हणालात ना, वाऱ्यानं गाडीचं दार लागलं आणि माझ्या पोरीची बोटं सापडली, म्हणून सांगतो. आभाळ भरून आलेलं, अंगाला सदरा चिकटत होता, समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं — माझ्या शेडच्या तोंडाशी तो सुटा पत्रा टेकवलाय ना, जरा झुळूक आली की वाजतो, दिवसभर वाजला नाही. तुमचं घर चार गल्ल्या पलीकडे, तिथं काय वेगळा वारा सोडतात? नाही, हलू नका जावईबापू. डावा हात आहे तसाच राहू द्या. शेवटचा बोल्ट निघाला की गाडीखालचा हा लोखंडी गोळा एका अंगाला कलंडतो, आणि तुमचा हात आता त्याच्या आणि फ्रेमच्या मध्ये आहे. ओढलात तर गोळा जॅकवरून घसरेल, आणि खाली तुमची छाती आहे.

दुखतंय? दुखणारच. हा जॅक म्हातारा झाला, खालून तेल झिरपतं त्याचं, म्हणून बसतो. एकदम नाही बसत, माझ्यासारखा सावकाश, गुडघे धरून. अधूनमधून दांडा मारला की राहतो वर. दांडा माझ्या हातात आहे, काळजी करू नका. मी कधी कुणावर हात उगारला नाही, विचारा तुमच्या सासूला — म्हणजे असती तर विचारलं असतंत.

पण गाडी छान ठेवलीत हं. तुमच्यापेक्षा वयानं मोठी, लांब नाकाची, दोनच माणसांची, आणि बाहेरून बघाल तर आरसा. मागं मात्र कधी वाकून बघितलं नाहीत. डिफरन्शियलमधलं तेल संपून किती दिवस झाले कोण जाणे — दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा हा एवढा गोळा, त्याचे दात पार खाल्ले गेलेत, म्हणून कण्हत होती ती. सकाळी तुम्ही पोरीला न्यायला आलात ना, तेव्हा आधी मागच्या चाकांचं कण्हणं ऐकू आलं, मग तुमचा हॉर्न. मी म्हटलं, ही कोपऱ्यापर्यंतही जायची नाही. भंगारातल्या गाडीचा एक काढून ठेवलाय माझ्याकडं, तो बसवू, जरा हात लावा. तुम्ही लगेच शर्ट काढून खिळ्याला अडकवलात आणि खाली शिरलात. गाडीसाठी तुम्ही कुठंही झोपाल, हे मला माहीत होतं.

बॉनेटवर ओरखडा दिसला मला. पिशवी ठेवली असेल पोरीनं, बकल घासलं असेल. त्यावर मऊ कापसानं मेण चोळलंय कुणीतरी, किती मायेनं. ती मात्र बोटं फडक्यात गुंडाळून आली. विचारलं तर म्हणते, वाऱ्यानं लागलं दार. तुमचेच शब्द, त्याच क्रमानं. मी जास्त विचारलं नाही, फडकं सोडलं आणि बघितलं. माझं आयुष्य गाड्यांच्या दारांत गेलंय हो. बोट सापडलं की माणूस दार ढकलतो, हात काढून घेतो, आडवा एक वळ उठतो. तिच्या बोटांवर दोन आहेत, एकाच्या शेजारी एक. पहिला वाऱ्याचा धरू, बरं — दुसरा कुणाचा? बोलू नका. बोललात की छाती फुगते आणि गोळ्याला लागते. नुसते ऐका.

हां, बसला बघा जरासा. ऐकू आलं मला, हाड नाही, फ्रेमच करकरली. मारतो दांडा, मारतो. घाई केली की काम बिघडतं. या जॅकला एक वायसर लागतं फक्त, रबराचं, एवढंसं. सकाळीच आणलं, तुम्ही यायच्या आधी. हे काय, खिशात आहे. बसवलं नाही एवढंच.

हे बोलायचं नव्हतं मला. गेलं तोंडातून.

ती वर खोलीत बसलीय, दाराकडं तोंड करून. तुम्ही एक हाक मारलीत की उतरेल. मी आडवा झालो तरी माझ्यावरून पाय टाकून उतरेल, एवढं तुम्ही तिला घडवलंय. म्हणून तू हाक मारायची नाहीस. आज नाही, पुढंही नाही, गल्लीतून हॉर्नसुद्धा नाही — तुम्ही, तुम्ही. जीभ घसरली. मान हलवलीत का? मला दिसत नाही इथून, नुसते पाय दिसतात. पाय हलवा. एकच? दुसरा? हां.

हा घ्या दांडा, हा आणखी एक. आला वर. हात काढा आता, सावकाश, कोपर आधी. या बाहेर. बघू — सोलवटलंय, सुजेल, बोटं हलतायत. नळ तिकडं आहे, गार पाण्याखाली धरा. वळ एकच उठेल, मी नीट बघितलंय.

वर बघू नका. शर्ट घ्या. गाडी राहू दे, हातात घेतलेलं काम मी अर्धं टाकत नाही. उद्या तुमच्या दारात उभी करीन, किल्ली आत ठेवीन. चालत जा, हवा चांगली आहे. आणि पुन्हा वाऱ्याचं नाव घेऊ नका. काल मी तिचे कपडे न्यायला तुमच्याकडं आलो होतो, तुम्ही नव्हतात. तुमच्या शेजारच्या शिवणकाम करतात त्या बाई जिन्यात थांबल्या होत्या. हातातली कात्री तशीच होती. म्हणाल्या, "काका, पहिल्यांदा गाडीचं दार लागलं तेव्हा ती ओरडली. मग दार उघडल्याचा आवाज आला, मला वाटलं सुटली. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा तिचा आवाजच आला नाही."